दमट हवेत जुन्या गाडीला लॅकर मारताना रंग पांढरा का पडतो? दवबिंदूचं गणित, थिनरची निवड आणि योग्य वेळ

समजा, आजोबांची प्रीमियर पद्मिनी गेली काही वर्षं शेडमध्ये धूळ खात उभी आहे. तीच कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, एकेकाळी मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ओळखली जाणारी गाडी. तुम्ही ठरवता की तिला पुन्हा रस्त्यावर आणायची. पत्र्याचं काम होतं, पुट्टी होते, प्रायमर होतो. शेवटी हौसेने रंगाचा हात मारता. पहिली दोन मिनिटं गाडी आरशासारखी चमकते आणि मग डोळ्यांदेखत बोनेटवर पांढरट साय धरते. काळा रंग राखाडी दिसायला लागतो, लाल रंग गुलाबी.

अशा वेळी दोष डब्याला जातो, नाहीतर पेंटरला. बहुतेक वेळा दोघांचीही चूक नसते. चूक असते ती दिवस निवडण्यात. लॅकर हा रंग गरम आणि दमट हवेत हट्टीपणा करतो, पण त्याचं कारण अगदी सरळ आहे आणि ते समजायला लागणारा एक आकडा तुमच्या फोनमध्येच असतो. या लेखात आपण तो आकडा, त्यामागचं विज्ञान आणि प्रत्यक्ष कामाची पद्धत बघणार आहोत.

## लॅकर म्हणजे नक्की काय?

गाडीचे रंग सुकण्याच्या पद्धतीवरून ढोबळमानाने तीन प्रकारचे असतात.

१. इनॅमल: द्रावक उडतो आणि मग रंग हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून हळूहळू कडक होतो.

२. टू-के: यात हार्डनर मिसळावा लागतो. रंग आणि हार्डनर यांच्यात रासायनिक क्रिया होऊन कडक थर बनतो. आजच्या बहुतेक गॅरेजमध्ये हाच चालतो.

३. लॅकर: यात अशी कोणतीही क्रिया होत नाही. रंग थिनरमध्ये विरघळलेला असतो, थिनर उडून गेला की मागे थर उरतो. बस्स.

आपल्याकडे ज्याला ‘एनसी पेंट’ म्हणतात तो नायट्रोसेल्युलोज लॅकर. जुने पेंटर त्याला अजूनही ‘ड्युको’ म्हणतात. ड्युको हे खरं तर अमेरिकेतल्या ड्युपाँट कंपनीच्या लॅकरचं ब्रँड नाव. १९२३ मध्ये जनरल मोटर्सने आपल्या ओकलंड गाड्यांवर हा रंग वापरला. त्याआधी ब्रशने वार्निशचे थर चढवून गाडी रंगवायला आठवडे लागायचे, कारण प्रत्येक थर सुकायची वाट बघावी लागे. लॅकर मिनिटांत सुकू लागला आणि कारखान्यांचा वेग बदलला.

मग आज टू-के असताना जुन्या गाडीला लॅकर कशाला? त्याला तीन कारणं आहेत. पहिलं, त्याची चकाकी. लॅकरची चकाकी घासून, पॉलिश करून काढलेली असते. ती प्लास्टिकसारखी वाटत नाही, जुन्या गाडीवर शोभते. दुसरं, दुरुस्ती. नवा थर जुन्या थराला थोडा विरघळवून त्यात मिसळतो, त्यामुळे एखादा ओरखडा बुजवणं सोपं जातं. तिसरं, टू-केच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. ते फुफ्फुसांना घातक असल्यामुळे घरच्या शेडमध्ये तो रंग फवारणं योग्य नाही.

बदल्यात लॅकर दोन गोष्टी मागतो, नियमित पॉलिश आणि मारतानाची योग्य हवा.

## रंग पांढरा पडतो तेव्हा काय घडतं?

हातावर सॅनिटायझरचा थेंब घ्या. गार लागतो ना? द्रव उडून जाताना उष्णता सोबत घेऊन जातो. माठातलं पाणी थंड होतं ते याच तत्त्वावर. आता थंडगार सोलकढीचा पेला टेबलावर ठेवा. थोड्या वेळात पेला बाहेरून ओला होतो. ते पाणी पेल्यातून झिरपलेलं नसतं, हवेतली वाफ गार काचेवर पाणी होऊन बसते.

या दोन गोष्टी एकत्र केल्या की ब्लशिंग, म्हणजे रंगावर पांढरी साय धरणं, समजतं. लॅकरमधला थिनर वेगाने उडतो. त्यामुळे रंगाचा ओला थर आजूबाजूच्या हवेपेक्षा कित्येक अंशांनी गार होतो. हवा दमट असेल तर तिच्यातली वाफ त्या गार थरावर पाणी होऊन उतरते. थर अजून ओला असतो, त्यामुळे पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब आत शिरतात. नायट्रोसेल्युलोज पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे दूध नासावं तसं ते तिथल्या तिथे विरघळलेल्या अवस्थेतून बाहेर पडतं. थरात बारीक पोकळ्या राहतात. या पोकळ्यांवर प्रकाश विखुरतो आणि आपल्याला पांढरं धुकं दिसतं.

म्हणजे हा पांढरा रंग कुठून बाहेरून आलेला नसतो. ढग पांढरे दिसतात त्याच कारणाने बोनेट पांढरं दिसतं. गडद रंगांवर हा दोष जास्त उठून दिसतो. पांढऱ्या गाडीवर तो लपतो, पण थर मात्र तितकाच कमकुवत झालेला असतो.

## दवबिंदू: फोनवरचा कामाचा आकडा

हवा किती तापमानाला गार झाली की तिच्यातली वाफ पाणी व्हायला लागेल, त्या तापमानाला दवबिंदू म्हणतात. आयफोनच्या हवामान अ‍ॅपमध्ये आर्द्रतेच्या चौकटीत तो दिलेला असतो, इतरही अनेक हवामान अ‍ॅपमध्ये सापडतो. दिसत नसेल तर एक सोपं गणित आहे:

१०० मधून आर्द्रतेचे टक्के वजा करा आणि उत्तराला ५ ने भागा. जो आकडा येईल, साधारण तितके अंश दवबिंदू हवेच्या तापमानाच्या खाली असतो. (आर्द्रता ५० टक्क्यांच्या वर असेल तेव्हाच हे गणित वापरा.)

दोन उदाहरणं बघा:

- हवा ३० अंश, आर्द्रता ८५ टक्के: अंतर ३ अंश, दवबिंदू सुमारे २७. थर फक्त ३ अंशांनी गार झाला की पाणी धरणार. लॅकर मारूच नका.
- हवा ३२ अंश, आर्द्रता ७० टक्के: अंतर ६ अंश, दवबिंदू सुमारे २६. सावध काम.

आता यातली खरी मेख. हे अंतर हवेचं आहे आणि रंग तर आपण पत्र्यावर मारतो. पत्र्याचं तापमान हवेइतकंच असेल असं नाही. रात्रभर शेडमध्ये गार झालेला पत्रा सकाळी ९ वाजता २४ अंशांवर असू शकतो, तोवर बाहेरची हवा २९ वर गेलेली असते आणि दवबिंदू २५ असतो. म्हणजे थिनर उडायच्या आधीच पत्र्यावर न दिसणारा ओलावा बसलेला आहे! म्हणून तुलना कायम पत्र्याचं तापमान आणि दवबिंदू यांची करायची. पत्र्याचं तापमान घ्यायला इन्फ्रारेड थर्मामीटर मिळतो. उघड्या चकचकीत धातूवर तो चुकीचा आकडा देतो, प्रायमर मारलेल्या भागावर बरोबर चालतो.

पोलादी बांधकामं रंगवणारे लोक पत्रा दवबिंदूपेक्षा किमान ३ अंशांनी गरम असावा असा नियम पाळतात. लॅकरचा थिनर स्वतःच पत्रा गार करत असल्याने आपल्याला जास्त मोकळीक ठेवावी लागते. हा अंदाज लक्षात ठेवा:

- अंतर ५ अंशांपेक्षा कमी: काम उद्यावर.
- ५ ते १०: संथ थिनर, पातळ कोट आणि आधी चाचणी.
- १० च्या वर: नेहमीसारखं काम.

एक गोष्ट विसरू नका. फोन तुमच्या शेडमधली आर्द्रता मोजत नाही. २०१३ च्या सॅमसंग गॅलॅक्सी एस४ मध्ये आर्द्रतेचा सेन्सर होता, पण तो प्रकार रुजला नाही. आजचा फोन जवळच्या हवामान केंद्राचा किंवा संगणकीय अंदाजाचा आकडा दाखवतो. शेडमागे विहीर असेल, जमीन ओली असेल किंवा पत्र्याचं छप्पर तापलेलं असेल, तर आतली हवा वेगळीच असते. डिजिटल हायग्रोमीटर स्वस्तात मिळतो, तो शेडमध्ये गाडीच्या उंचीवर टांगा. फोनवरचा अंदाज दिवस ठरवायला वापरा आणि तास ठरवायला हायग्रोमीटर.

## नुसती उष्णता काय करते?

कोरडी उष्णता पांढरी साय आणत नाही, ती वेगळे त्रास देते. गनच्या तोंडातून निघालेला थेंब पत्र्यापर्यंत पोहोचेस्तोवर त्यातला थिनर उडून जातो. अर्धवट सुकलेला थेंब पसरत नाही, तसाच चिकटतो. हात फिरवला की बारीक वाळू लागल्यासारखं वाटतं. यालाच ड्राय स्प्रे म्हणतात.

दुसरा त्रास म्हणजे वरचा पापुद्रा लवकर सुकतो आणि खाली थिनर अडकतो. तो बाहेर पडताना बारीक फोड किंवा सुईच्या टोकाएवढी भोकं पाडतो. उन्हात उभ्या गाडीचा पत्रा हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो, इतका की हात टेकवत नाही. अशा पत्र्यावर लॅकर मारणं म्हणजे तापल्या तव्यावर पाणी शिंपडण्यासारखं आहे. गाडी आधी सावलीत आणा आणि हात आरामात टेकवता येईपर्यंत थांबा.

गरम आणि दमट हवा एकत्र आली की दोन्ही संकटं सोबत येतात, कारण उष्णतेमुळे थिनर आणखी वेगाने उडतो, थर आणखी गार होतो आणि बाहेर पाणी तयारच असतं. या दोन्हींवर पहिला उपाय मात्र एकच आहे, थिनर हळू उडायला हवा.

## थिनर आणि रिटार्डर

थिनर हा एकच द्रव नसून अनेक द्रावकांचं मिश्रण असतं. कोणता द्रावक किती लवकर उडतो याचा अंदाज त्याच्या उकळण्याच्या तापमानावरून येतो. अ‍ॅसिटोन ५६ अंशांना उकळतं, टोल्युइन सुमारे १११ ला, ब्युटाइल अ‍ॅसिटेट सुमारे १२६ ला आणि ब्युटाइल सेलोसॉल्व्ह सुमारे १७१ ला. स्वस्त थिनरमध्ये लवकर उडणारे घटक जास्त असतात. असा थिनर गन धुवायला चांगला, पण पावसाळी हवेत रंगात मिसळलात तर पांढरी साय हमखास येणार.

दमट हवेसाठी दुकानात ‘स्लो थिनर’ किंवा ‘अँटी-ब्लश थिनर’ मागा. त्यावरही भागत नसेल तर रिटार्डर घालतात. रिटार्डर म्हणजे खूप हळू उडणारा द्रावक. त्याचे दोन फायदे आहेत. थर कमी गार होतो, आणि थोडं पाणी शिरलंच तरी ते आधी उडून जातं, द्रावक मागे राहतो. मग नायट्रोसेल्युलोज पुन्हा विरघळून थर सारखा होतो.

पण ‘थोडं घातल्याने फायदा झाला, मग जास्त घालू’ असं करू नका. साधारणपणे थिनरच्या ५ ते १० टक्के रिटार्डर पुरतो, डब्यावर वेगळं प्रमाण असेल तर तेच पाळा. जास्त झाला तर थर दिवसेंदिवस मऊ राहतो, ओघळ येतात, धूळ चिकटते आणि पॉलिश करताना रंग दबतो. शिवाय रिटार्डरचा उपयोग काठावरच्या दिवशी आहे. ९० टक्के आर्द्रतेत तोही हात टेकतो.

## कॉम्प्रेसरमधून येणारं पाणी

हा मुद्दा बरेच जण विसरतात. हवा चांगली निवडली, थिनर चांगला घेतला, तरी गनमधूनच पाणी आलं तर काय उपयोग?

३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेच्या एक घनमीटर हवेत सुमारे २६ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. कॉम्प्रेसर हवा साधारण ८ पट दाबून टाकीत भरतो, पण दाबलेली हवा तेवढी वाफ धरू शकत नाही. मिनिटाला १० घनफूट हवा खाणारी गन तासभर सलग चालवली, तर हवा थंड होताना दीड पेल्याच्या आसपास पाणी वेगळं होतं. काही टाकीत साचतं, काही पाइपमधून पुढे जातं. रंगात पडलेला पाण्याचा एक थेंब खड्डा करायला पुरेसा असतो.

उपाय सोपे आहेत:

- काम सुरू करण्याआधी आणि मध्ये मध्ये टाकीच्या तळाचा नळ उघडून पाणी काढा.
- पाणी अडवणारा फिल्टर कॉम्प्रेसरला चिकटून लावू नका. तिथे हवा गरम असते आणि पाणी अजून वाफ असतं. पाइप काही मीटर लांब नेऊन, हवा गार झाल्यावर फिल्टर लावा.
- गनमधून नुसती हवा आरशावर किंवा काचेवर सोडून बघा. धुकं किंवा तेलाचे डाग दिसले तर रंग भरू नका.

## महाराष्ट्रात कुठे, कधी?

मुंबई, कोकण, गोवा: जून ते सप्टेंबर लॅकर विसरा. या काळात पत्र्याचं काम, इंजिन, आतली गादी ही कामं उरका. एप्रिल-मे गरम आणि दमट, म्हणजे अवघड. डिसेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात चांगले.

पुणे, नाशिक, कोल्हापूर: दिवाळीनंतर मार्चपर्यंत काम छान होतं. हिवाळ्यात पहाटे दव पडतं, म्हणून पत्रा कोमट होईपर्यंत थांबा.

विदर्भ, मराठवाडा: उन्हाळ्यात हवा कोरडी असते, पांढरी साय जवळजवळ येत नाही. पण ड्राय स्प्रे आणि धूळ यांचा त्रास असतो. काम सकाळी आटपा आणि संथ थिनर वापरा.

दिवसातली वेळही तितकीच महत्त्वाची. किनाऱ्यावरचा एखादा हिवाळी दिवस घ्या. दवबिंदू दिवसभर २२ च्या आसपास आहे. सकाळी ६ वाजता हवा २४ अंश, म्हणजे अंतर फक्त २. दुपारी १ वाजता हवा ३२ अंश, अंतर १०. गाव तेच, वाफ तेवढीच, पण सकाळचं अशक्य काम दुपारी सोपं झालं. संध्याकाळी हे अंतर पुन्हा कमी होतं. म्हणून दमट भागात साधारण ११ ते ३ ही वेळ सावलीत काम करायला चांगली. शेवटचा कोट सूर्य उतरायच्या बराच आधी संपवा.

## प्रत्यक्ष काम: पायरी पायरीने

१. जुना रंग ओळखा. दारच्या आतल्या कडेला, न दिसणाऱ्या जागी, थिनर लावलेलं फडकं घासा. रंग विरघळून फडक्यावर आला तर जुना रंग लॅकर. सुरकुत्या पडून फुगला तर इनॅमल. काहीच झालं नाही तर बहुधा टू-के. इनॅमलवर थेट लॅकर मारू नका, थिनर खालचा थर उचकटतो. आधी योग्य सीलर लावा, नाहीतर रंग पूर्ण काढा.

२. पुट्टी कोरडी घासा. पुट्टी पाणी पिते. दमट दिवसांत उघड्या पुट्टीवर वॉटर पेपर चालवलात तर आत राहिलेलं पाणी काही महिन्यांनी फोड बनून वर येतं, खाली गंज धरतो. पाणी वापरायचं ते प्रायमर चढल्यावर, आणि नंतर पूर्ण वाळू द्यायचं.

३. पत्रा पुसा. वॅक्स आणि तेल काढणाऱ्या द्रवाने पुसा, दुसऱ्या स्वच्छ फडक्याने कोरडं करा. नंतर उघड्या हाताने शिवू नका, घामाचे डाग रंगाखाली राहतात.

४. चाचणी घ्या. भंगारातला एखादा पत्रा त्याच शेडमध्ये, गाडीसोबत आधीच ठेवा. तयार मिश्रणाचा एक कोट त्यावर मारा आणि १० मिनिटं थांबा. पांढरट झाला तर थोडा रिटार्डर घालून पुन्हा बघा. तरीही झाला तर गन धुवून ठेवा. फोन, मीटर, गणित या सगळ्यांपेक्षा या पत्र्याचं मत मोठं.

५. मिश्रण आणि गन. लॅकर बराच पातळ करावा लागतो, साधारण एक भाग रंगाला एक ते दीड भाग थिनर. जुन्या पद्धतीच्या गनला ३५ ते ४५ पीएसआय दाब पुरतो. अंतर ६ ते ८ इंच ठेवा. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा चढवा.

६. पातळ कोट, जास्त वेळ. एक जाड हात मारायचा मोह टाळा. जाड थरातून जास्त थिनर उडतो, म्हणजे जास्त गारवा आणि जास्त पाणी. चार ते सहा पातळ कोट मारा, दोन कोटांमध्ये १५ ते २० मिनिटं ठेवा.

७. घाई न करता पॉलिश. लॅकर हाताला लगेच सुकलेला लागतो, पण आतला थिनर निघायला दिवस लागतात, रिटार्डर असेल तर आणखी. किमान आठवडाभर, शक्य असेल तर दोन-तीन आठवडे थांबा. मग बारीक वॉटर पेपर, रबिंग कंपाउंड आणि पॉलिश. वॅक्स महिन्यानंतर.

## तरीही पांढरा पडलाच तर?

पहिला नियम: त्यावर लगेच दुसरा कोट मारू नका. ओलावा आत कोंडला जातो आणि पुढे थर सुटतो.

काम थांबवा आणि गाडी कोरड्या, हवेशीर जागी राहू द्या. हलकी साय कधी कधी आपोआप कमी होते. राहिली तर कोरड्या दिवशी, दुपारी, संथ थिनरमध्ये थोडा रिटार्डर घालून नुसत्या थिनरचा अगदी धुक्यासारखा पातळ हात मारा. लॅकर स्वतःत विरघळतो म्हटलं ना, तोच गुण इथे कामी येतो. वरचा थर पुन्हा मऊ होतो, पोकळ्या मिटतात, अडकलेलं पाणी निघून जातं आणि खरा रंग परत दिसतो. हाच दोष टू-केमध्ये आला असता तर घासण्याशिवाय मार्ग नव्हता.

साय फक्त वरवर असेल तर कंपाउंडनेही जाते. खोलवर गेली असेल तर वाळल्यावर घासून नव्याने रंग मारावा लागतो. एक दिवस थांबण्याचा कंटाळा केला की दोन आठवडे घासण्यात जातात, हा हिशोब आधीच करा.

## आग आणि श्वास: इथे गंमत नाही

नायट्रोसेल्युलोज हे बंदुकीत वापरल्या जाणाऱ्या गनकॉटनच्याच घराण्यातलं. दादासाहेब फाळके यांच्या काळातली सिनेमाची फिल्मही नायट्रेटचीच असायची. २००३ मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडच्या नायट्रेटवरच्या असंख्य जुन्या फिल्म जळून गेल्या. तुमच्या शेडमध्ये याच कुळातला रंग आणि वर पेट घेणारी थिनरची वाफ आहे.

- वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते. शेगडी, उदबत्ती, गिझर, चार्जिंगला लावलेला इन्व्हर्टर जवळ नको.
- साधा टेबल फॅन वाफेसमोर लावू नका, मोटरमध्ये ठिणगी पडते. दारं-खिडक्या उघड्या ठेवा.
- कापडी मास्क किंवा एन-९५ कणांना अडवतो, वाफेला नाही. सेंद्रिय वाफेसाठीचा कार्ट्रिज असलेला मास्क, चश्मा आणि हातमोजे हवेतच.
- थिनरची फडकी झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवा. घासल्यावर पडलेली कोरडी लॅकरची पूडही पेट घेते.
- डोकं जड झालं, मळमळलं की लगेच बाहेर या. एकट्याने बंद शेडमध्ये काम करू नका.

## नेहमी विचारले जाणारे प्रश्न

एसी लावून काम केलं तर?
एसी हवा कोरडी करतो, पण पत्राही गार करतो. शिवाय बंद खोलीत वाफ साचते आणि ठिणगीचा धोका राहतो. डिह्युमिडिफायर आधी काही तास चालवून, फवारणीआधी बंद करून बाहेर काढणं जास्त शहाणपणाचं.

धूळ बसावी म्हणून जमिनीवर पाणी मारू का?
कोरड्या भागात चालतं. कोकणात, मुंबईत नको, शेडमधली आर्द्रता लगेच चढते. त्याऐवजी आदल्या दिवशी झाडून, पुसून घ्या.

हेअर ड्रायरने किंवा हॅलोजनने रंग लवकर सुकवू का?
ओल्या लॅकरजवळ कधीच नको. आग लागू शकते आणि वरचा पापुद्रा आधी सुकून फोड येतात.

स्प्रे कॅनमध्ये हा प्रश्न येतो का?
जास्तच येतो. कॅनमधला वायू बाहेर पडताना आणखी गारवा आणतो, आणि त्यात रिटार्डर घालायची सोय नसते. म्हणून कॅन फक्त चांगल्या दिवशीच वापरा.

गाडीचा रंगच बदलला तर?
आरसीवर रंगाची नोंद असते, त्यामुळे आरटीओत बदल नोंदवावा लागतो. शिवाय जुलै २०२१ च्या केंद्र सरकारच्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात जपलेल्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून नोंदणी मिळते आणि नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात. गाडी त्या वयाला पोहोचणार असेल तर मूळ रंग राखलेला बरा.

तर मित्रांनो, ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या टॅक्सींतून शेवटची पद्मिनी निवृत्त झाली. आता या गाड्या उरल्या आहेत त्या बऱ्याचशा तुमच्या-आमच्या घरांत, शेडमध्ये, ताडपत्रीखाली. त्यांचा पत्रा पुन्हा बनणार नाही, म्हणून रंगाखाली पाणी कोंडून त्याला गंज लावू नका. उद्या सकाळी गन हातात घेण्याआधी फोन काढा, दवबिंदू बघा, पत्र्याचं तापमान घ्या. अंतर कमी असेल तर गाडीवर पुन्हा चादर टाका आणि चहा प्या. जी गाडी इतकी वर्षं थांबली, ती आणखी एक दिवस नक्की थांबेल.